२४ पॉइंटचं ऑफिस केबलिंग: रॅकपाशी चोख, टेबलापाशी कंजूष

५ पैकी ३ तारे. काम एका मजल्याचं: २४ डेटा पॉइंट (नेटवर्कची सॉकेटं), कॅट ६ केबल, भिंतीवर ९यू उंचीचा रॅक (सगळ्या केबल जिथे येतात ते कपाट).

आधी चांगलं. रॅकपाशी प्रत्येक केबलला सुमारे ३ मीटर लूप (जादा राखलेली केबल) ठेवलाय. तोही गच्च वेटोळं करून कोंबलेला नाही, ट्रेवर मोठ्या यू आकारात फिरवून वेल्क्रोने सैल बांधलाय. उद्या रॅक शेजारच्या भिंतीवर न्यायचा झाला, तर पॅनेल (केबल जोडायची पट्टी) सोडून पुन्हा पंच केलं (टूलने तारा दाबून बसवल्या) की काम झालं, मधे जोड नको. टॅगिंग दोन्ही टोकांना आहे.

टेबलापाशी मात्र घोळ आहे. फेसप्लेट (सॉकेटची पुढची पट्टी) उघडली तर मागे जेमतेम ८ सेंमी केबल. कीस्टोन (केबलच्या टोकाचं सॉकेट) भिंतीवरच्या बॉक्सच्या बाहेर येतच नाही, पंचिंग टूल धरायचं कुठे? दरवेळी नव्याने पंच करताना ३-४ सेंमी कापली जाते. म्हणजे एक-दोन दुरुस्त्या, आणि मग अख्खी केबल नव्याने ओढा. इथे ३० सेंमी हवीच होती.

"बॉक्समध्ये मावत नाही" ही ठेकेदाराची सबब अर्धीच खरी. उथळ सरफेस बॉक्समध्ये ३० सेंमी ठासली तर केबल मुरगळते; वळणाची त्रिज्या जाडीच्या चौपट, म्हणजे ६ मिमी केबलला साधारण २५ मिमी तरी लागते. पण १५ सेंमी बॉक्समध्ये आणि बाकीची वर फॉल्स सीलिंगमध्ये, पाइप खाली उतरतो तिथे ठेवता येते. पाइप गच्च भरलेला नसला की हवी तेव्हा खाली सरकवता येते.

टेस्ट रिपोर्टमध्ये सगळे पॉइंट पास आहेत, पण त्यावर जाऊ नका. टेस्टरला तोकडी केबल दिसत नाही. बिल देण्याआधी चार-पाच फेसप्लेट स्वतः उघडून बघा.

कंजुषीचं मूळ दरात आहे. काम पॉइंटच्या दराने दिलं की वाचलेली केबल ठेकेदाराची. २४ पॉइंटना प्रत्येकी ३.३ मीटर धरले तर ७९ मीटर होतात, केबलच्या ३०५ मीटरच्या खोक्याचा चौथा हिस्सा! म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या: रॅकला ३ मीटर, आयओला (टेबलापाशच्या सॉकेटला) ३० सेंमी. रॅकपासून सॉकेटपर्यंतच्या केबलला ९० मीटरची मर्यादा असते, लूपही त्यातच धरायचा असतो. इथला सर्वांत लांबचा पॉइंट ६१ मीटरवर आहे (केबलवर छापलेले दोन्ही टोकांचे मीटरचे आकडे वजा करून बघा), त्यामुळे लांबीची अडचण नव्हतीच.