भंगारात गेलेला प्रिंटर रोज सकाळी उठत होता: फुकट टूल्सचा आठ महिन्यांचा अनुभव

नारायण पेठेत घराच्याच पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, पुस्तिका, आणि पावसाळा लागला की गणेश मंडळांचे वार्षिक अहवाल. मशीन जुनं आहे: चौथ्या पिढीचं आय-थ्री, आठ जीबी रॅम, साधी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. गेल्या जूनपर्यंत मी ते रात्रीसुद्धा बंद करत नसे, कारण सकाळी सुरू करायचं म्हणजे शिक्षाच. पण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, यूपीएस वीस मिनिटांत मान टाकतो, आणि मग सुरू करण्यावाचून गत्यंतर नसतं.

अशाच एका गुरुवारी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बटण दाबल्यापासून कोरल (पानं मांडायचा प्रोग्रॅम) उघडून त्यात पहिलं अक्षर उमटेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. समोर गिऱ्हाईक प्रूफ घेऊन बसलेलं. सहा मिनिटं माणूस किती हवापाण्याच्या गप्पा मारणार?

आधी एक चूक कबूल करतो. मी नेटवर शोधलं आणि ‘पीसी एका क्लिकमध्ये सुसाट’ छापाचा एक फुकट बूस्टर उतरवून घेतला. नाव घेत नाही. त्याने तपासणी करून शेकडो दोष सापडल्याचं लाल अक्षरात सांगितलं आणि दुरुस्तीचे पैसे मागितले. तो काढून टाकला. पुढे कळलं की जाताना आपल्या दोन नोंदी मागे ठेवून गेला होता: एक स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनसोबत आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत, आणि एक शेड्यूल्ड टास्कमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत. स्टार्टअप हलकं करायला आणलेला पाहुणा स्वतःच तिथे मुक्कामाला.

मग भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत नोकरीला आहे. म्हणाला, “मामा, काही उतरवू नकोस. आधी टास्क मॅनेजर बघ.” कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की तो, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम, थेट उघडतो. विंडोज ७ मध्ये या कामासाठी एमएसकॉन्फिग उघडावं लागायचं, विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपचा टॅब आला. माझ्या यादीत १४ नावं. शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचा ‘इम्पॅक्ट’ लिहिलेला असतो. तिथलं ‘हाय’ मोघम नाही: सुरू होताना एक सेकंदाहून जास्त सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेळ खाल्ला किंवा डिस्कवर तीन एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं, तर हाय. माझ्याकडे सहा हाय होते. त्यांतल्या चॅटच्या आणि फोन जोडायच्या प्रोग्रॅमना रजा दिली. वेळ ५ मिनिटं १० सेकंदांवर आली. बरं वाटलं, पण समाधान नाही.

खरा उजेड पडला तो ऑटोरन्समुळे. मशीनसोबत आपोआप सुरू होणारं सगळं एका जागी दाखवणारं हे सिसइंटर्नल्सचं टूल. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ साली ते दुकान मांडलं, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं. तेव्हापासून ही टूल्स मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतात. इन्स्टॉल करायचं काही नाही, झिप उघडायची आणि ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून चालवायचं. पहिल्यांदा उघडल्यावर छाती दडपते, हे खरं. एवढे टॅब आणि एवढ्या ओळी की टेलिफोन डिरेक्टरीची आठवण यावी. पण ऑप्शन्समध्ये मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोय आहे. ती लावल्याबरोबर उरतं ते आपण आणि आपल्या वस्तूंनी केलेलं पाप.

माझ्याकडे उरल्या ६३ ओळी. टास्क मॅनेजरने १४ दाखवल्या होत्या, मग बाकीच्या कुठून आल्या? टास्क मॅनेजर मुख्यतः रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) ‘रन’च्या नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर दाखवतो. सर्व्हिसेस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम), शेड्यूल्ड टास्क, ड्रायव्हर आणि एक्सप्लोररला चिकटलेली उपांगं त्या टॅबमध्ये येत नाहीत. अपडेटर मंडळी नेमकी तिथेच दबा धरून बसतात.

एक ओळ तर मी दोनदा वाचली. माझा जुना ऑल-इन-वन प्रिंटर, जो २०१९ मध्ये मी स्वतः खाली नेऊन भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला होता, त्याची शाई मोजणारा प्रोग्रॅम रोज सकाळी इमानेइतबारे उठून त्या प्रिंटरला हाका मारत होता. सहा वर्षं! त्याच्या खाली पिवळ्या रंगाच्या चार ओळी. पिवळं म्हणजे नोंद आहे, पण ती जिच्याकडे बोट दाखवते ती फाइलच जागेवर नाही. गुलाबी म्हणजे कंपनीची सही किंवा ओळख सापडत नाही. गुलाबी दिसलं म्हणून लगेच व्हायरस समजू नका. माझा एक मराठी फॉन्टचा जुना प्रोग्रॅम गुलाबीच आहे आणि त्याच्यावर माझं पोट चालतं.

त्यावरून आठवलं. ऑटोरन्समध्ये दोन गोष्टी करता येतात: ओळीपुढची खूण काढणं आणि ओळ डिलीट करणं. डिलीटला हात लावू नका. मी उत्साहाच्या भरात एका रविवारी रात्री २५ खुणा काढल्या आणि शांत झोपलो. सोमवारी सकाळी एक आजोबा मुंजीची पत्रिका घेऊन आले. ‘श्री गजानन प्रसन्न’ टाइप करतोय, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मराठी कीबोर्डचा प्रोग्रॅमच मी बंद करून टाकला होता. आजोबा म्हणाले, “तुमच्या मशीनला देवाचं नाव चालत नाही वाटतं.” खूण परत लावली, लॉग-ऑफ करून परत आलो, काम झालं. डिलीट केली असती तर इन्स्टॉलेशनची सीडी शोधत माळ्यावर चढलो असतो. तेव्हापासून नियम ठेवला: आधी फाइल मेनूतून आजची स्थिती सेव्ह करायची, एका वेळी तीनच खुणा काढायच्या, आणि दोन दिवस काम करून बघायचं. नंतर ‘कंपेअर’ने जुनी स्थिती ताडून पाहिली की मधल्या काळात कुणी नवीन घुसलंय का तेही कळतं.

असं करत ६३ पैकी ३८ ओळी निजवल्या. जुलैअखेर गुरुवारचं स्टॉपवॉच ३ मिनिटं ५ सेकंद.

आता प्रायॉरिटीकडे येतो, म्हणजे प्रोसेसर आधी कुणाला मिळावा या क्रमाकडे, कारण बहुतेक लोक अशी टूल्स शोधत येतात ते ‘माझा प्रोग्रॅम फास्ट करा’ या आशेने. मीही तसाच आलो होतो.

आमच्या पेठेतल्या एका मंडळाची स्थापना १९५१ ची, म्हणजे गेल्या वर्षी पंचाहत्तरावं वर्ष. कार्यकर्त्यांनी जुन्या अहवालांची दोन गाठोडी आणून टाकली आणि म्हणाले, स्कॅन करून यातला मजकूर शोधता येईल असा करून द्या. सुमारे ११०० पानं. गणपती २७ ऑगस्टला. मी टेसरॅक्ट हे फुकट ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं टूल) वापरतो. त्याच्यासाठी मराठीचा डेटा मिळतो, आणि छापील अक्षर स्वच्छ असेल तर निकाल कामापुरता चांगला येतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं मात्र चुकतातच, विशेषतः ‘द्ध’ आणि ‘द्य’. अडचण अशी की ते चालू असलं की प्रोसेसरचे चारही थ्रेड, म्हणजे काम करायच्या चारही वाटा, भरतात, आणि तेवढ्यात मला जाहिरातींची पानं लावायची असतात. कोरलमध्ये माउस हलवला की रेघ दोन सेकंदांनी मागून येते.

ऑगस्टातल्या एका रात्री डोकं चालवलं. ओसीआर लवकर संपावं म्हणून त्यालाच ‘रिअलटाइम’ ही सगळ्यात वरची प्रायॉरिटी दिली. नाव किती छान! माउस जागीच थिजला. कीबोर्ड मुका. घड्याळातला सेकंदकाटासुद्धा थांबला. पाच मिनिटं वाट पाहून शेवटी बटण दाबून धरलं आणि सेव्ह न केलेली जाहिरातींची चार पानं गेली.

भाचा हसला नाही, एवढे उपकार. “मामा, तू रिअलटाइमला हात कशाला लावलास?” मग त्याने समजावलं ते असं. विंडोजमध्ये प्रायॉरिटीच्या पायऱ्या ० ते ३१. साधा प्रोग्रॅम ८ वर असतो, बिलो नॉर्मल ६ वर, हाय १३ वर आणि रिअलटाइम २४ वर. वरच्या पायरीवर काम तयार असेल तर सीपीयू आधी त्याला मिळतो. ओसीआरसारखं न थांबणारं काम २४ वर नेऊन बसवलं की खालच्यांच्या वाट्याला काही उरत नाही. पंगतीत एकालाच आग्रह करकरून वाढलं म्हणून पातेल्यातला भात वाढत नाही, बाकीचे उपाशी उठतात एवढंच.

म्हणून उलटं करायचं. कोरलला वर चढवायचं नाही, ओसीआरला खाली बसवायचं. बिलो नॉर्मल केल्या क्षणापासून कोरलमधली रेघ माउसला चिकटून आली. आणि गंमत म्हणजे ओसीआरचं नुकसानही फारसं होत नाही. मी जेवायला उठलो की सीपीयू मोकळाच असतो, मग खालच्या पायरीवरचाही पोटभर घेतो. मोजून पाहिलं: मशीनला हात न लावता ४० पानं, नॉर्मलवर १४ मिनिटं, बिलो नॉर्मलवरही १४.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये उजवी क्लिक करून हे करता येतं, पण प्रोग्रॅम बंद झाला की ते विसरलं जातं. माझी बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी फाइल) तर दर पानाला टेसरॅक्ट नव्याने सुरू करते. दर पानाला कोण क्लिक करत बसणार? इथे एक बारीक गोष्ट कामाला आली. कमांडची काळी खिडकी स्वतः बिलो नॉर्मल असेल, तर तिने सुरू केलेले प्रोग्रॅमही आपोआप तिथेच बसतात. वरच्या पायऱ्यांना हा वारसा नाही: खिडकीला हाय दिलं तरी तिची पोरं नॉर्मलच जन्मतात. तेव्हा बॅच फाइल ‘स्टार्ट’ कमांडने सुरू करायची, तिच्यापुढे तिरकी रेघ आणि रेघेला चिकटून ‘बिलोनॉर्मल’ हा एक सलग शब्द, अर्थात इंग्रजी लिपीत. फाइलचा पत्ता अवतरणचिन्हांत असेल तर त्याच्या आधी एक रिकामं अवतरण द्या, नाहीतर ‘स्टार्ट’ त्या पत्त्यालाच खिडकीचं शीर्षक समजतो. माझी यात अर्धी दुपार गेली. या सगळ्याला कुठलंही टूल उतरवावं लागलं नाही.

प्रोसेस लासो हा प्रायॉरिटी आपोआप सांभाळणारा प्रोग्रॅमसुद्धा वापरला, पण माझ्या मशीनवर नाही. त्याची मोफत आवृत्ती घरगुती वापरासाठी आहे आणि माझं काम धंद्याचं. बायकोच्या लॅपटॉपवर टाकला. ती ऑनलाइन शिकवण्या घेते आणि मधेच आवाज तुटायचा. यातलं प्रोबॅलन्स मला आवडलं. मागचा एखादा प्रोग्रॅम सीपीयूवर तुटून पडला की ते त्याला तात्पुरतं खाली बसवतं आणि गर्दी ओसरली की परत जागेवर आणतं, म्हणजे मी हाताने करतो तेच. आवाज तुटणं बरंच कमी झालं. बाकी मेनू इतके आहेत की निम्मे मी उघडलेच नाहीत, आणि पैसे भरून पुढची आवृत्ती घ्या अशी आठवण अधूनमधून येते.

प्रोसेस एक्सप्लोररही सिसइंटर्नल्सचंच. कुणी कुणाला सुरू केलं ते झाडासारखं दिसतं, आणि ते मी टास्क मॅनेजरच्या जागी कायमचं बसवलंय. प्रोसेस हॅकर, ज्याचं नाव आता सिस्टम इन्फॉर्मर झालंय, आठवडाभर पाहिला. ताकदीचा आहे, पण माझ्या गरजेपलीकडचा.

एक गोष्ट लपवत नाही. दिवाळीनंतर हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली आणि गुरुवारचं स्टॉपवॉच एकदम ४८ सेकंदांवर आलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना सतत १०० टक्के दिसत असेल, तर प्रायॉरिटी कितीही खालीवर करा, टास्क मॅनेजरमधली ती प्रायॉरिटी सीपीयूची आहे, डिस्कची रांग तिने हलत नाही. मग आधीची खटपट फुकट गेली का? एसएसडी लावल्यावर हौसेने त्या ३८ खुणा एकदा परत लावून पाहिल्या: १ मिनिट ५५ सेकंद. लगेच काढल्या.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवून ठेवलंय. पुढे काय करायचं ते भाच्याच्या दिवाळीच्या सुट्टीत बघू. मंडळाची पानं वेळेत गेली, पण १९६२ आणि १९६३ चे अहवाल वाळवी लागलेले निघाले. त्यांची सुटी पानं पुन्हा स्कॅन करून आत्ता मागच्या खिडकीत सहाव्या पायरीवर चालू आहेत.