हाताने घडवलेला प्रोग्राम की तयार फ्रेमवर्क: निवडीपूर्वी पाहण्याच्या गोष्टी

डेस्कटॉपवर चालणारा नवा प्रोग्राम लिहायला घेणाऱ्यापुढे आज प्रामुख्याने दोन वाटा आहेत. पहिली इलेक्ट्रॉनसारख्या फ्रेमवर्कची, म्हणजे ॲपच्या तयार सांगाड्याची, जिच्यात प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड दोन्ही बांधून दिले जातात. दुसरी ‘हँडमेड’ म्हणवणाऱ्या प्रोग्रामरांची, जे सी, ओडिन किंवा झिग अशा भाषांमध्ये, मोजक्या लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेला तयार कोड) घेऊन आणि यंत्र नेमके काय करते याचे भान ठेवून लिहितात. गेम प्रोग्रामर केसी मुराटोरी यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘हँडमेड हिरो’ हा खेळ कोणतेही तयार इंजिन न वापरता थेट प्रक्षेपणात लिहायला घेतला, आणि त्यातून प्रेरणा घेणाऱ्यांचे पुढे हँडमेड नेटवर्क उभे राहिले. तयार माल आंधळेपणाने घेऊ नये, एवढाच या विचाराचा गाभा आहे. सगळे स्वतःच लिहावे असा हट्ट त्यात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे.

वेगाचा मुद्दा सर्वांत आधी निघतो आणि तो बहुधा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. ‘सी वेगवान, जावास्क्रिप्ट मंद’ एवढ्यावर विषय संपत नाही. आधुनिक प्रोसेसरला सर्वांत जवळच्या कॅशमधून (प्रोसेसरमधल्याच छोट्या, जलद मेमरीतून) माहिती मिळायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, तर मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले तर सुमारे शंभर. शिवाय बहुतेक प्रोसेसर एका खेपेला ६४ बाइट उचलतात. चार बाइटांचे आकडे सलग मांडले असतील तर एका खेपेत सोळा हाती लागतात. तेच आकडे पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने) जोडलेल्या विखुरलेल्या ऑब्जेक्टांमध्ये असतील तर प्रत्येकासाठी वेगळी खेप पडू शकते. माहितीची मांडणी आधी ठरवा, असे गेम प्रोग्रामर माइक ॲक्टन यांनी २०१४ च्या सीपीपीकॉन या सी++ परिषदेत आग्रहाने सांगितले, ते यासाठीच. हँडमेड वाटेवर ही मांडणी पूर्णपणे तुमच्या हातात असते, फ्रेमवर्कमध्ये ती बऱ्याच अंशी दुसऱ्याने ठरवलेली असते.

तरीही फ्रेमवर्क म्हणजे मंदपणा, हे समीकरण टिकत नाही. ॲटम आणि व्हीएस कोड हे दोन्ही एडिटर इलेक्ट्रॉनवरच उभे होते. पहिला मंदपणासाठी बदनाम झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आला, तर दुसरा असंख्य प्रोग्रामर दिवसभर विनातक्रार वापरतात. पाया एकच असला तरी बांधणाऱ्याची काळजी सारखी नसते. मात्र पायाचे वजन टळत नाही: नोंदी ठेवणारे छोटेसे ॲपसुद्धा पूर्ण ब्राउझर सोबत आणते, डिस्कवर शंभराहून अधिक एमबी जागा घेते आणि अनेक प्रोसेस चालू ठेवते. टाउरी हे फ्रेमवर्क म्हणजे मधली सोय आहे. ती ऑपरेटिंग सिस्टमचाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा घटक) वापरत असल्यामुळे ॲपचा आकार पुष्कळ कमी होतो, पण विंडोज आणि मॅकवरचे वेबव्ह्यू वेगवेगळे असल्याने दोन्हीकडे स्वतंत्र तपासणी करावी लागते.

हँडमेड वाटेची खरी किंमत मला मजकुरात दिसते, आणि तिच्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. अक्षरे रंगवणारी एसटीबी ट्रूटाइप किंवा बटणे-खिडक्या रंगवणारी डिअर आयएमजीयूआय ही लायब्ररी वापरून इंग्रजी अक्षरे दुपारपर्यंत पडद्यावर येतात. देवनागरी टाकून पाहा: ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरे हलंतासह सुटी पडतात, कारण या लायब्रऱ्या अक्षरांची जुळणी करतच नाहीत. त्यासाठी हार्फबझसारखी लायब्ररी जोडावी लागते, आणि मग ओळ तोडणे, कर्सर हलवणे, मजकूर निवडणे हे सगळे नव्याने सोडवावे लागते. स्क्रीन रीडरचेही (पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचेही) तसेच आहे. स्वतः रंगवलेली खिडकी त्याच्या दृष्टीने नुसता चित्राचा तुकडा असते, तर क्रोमियममध्ये ही सोय आधीपासूनच असते. २०२१ मध्ये मुराटोरी यांनी ‘रेफटर्म’ लिहून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) किती वेगवान असू शकते हे दाखवले. अक्षरांची चित्रे साठवून पुन्हा वापरण्याची त्यांची युक्ती उत्तमच होती, पण तो परिपूर्ण टर्मिनल नसून केवळ नमुना आहे, हे त्यांनीही स्पष्ट केले होते.

दुसऱ्यांच्या कोडवरील अवलंबित्वाबाबत माझा कल उघडपणे हँडमेडकडे आहे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले गेले आणि ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशांचेही बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया) मोडले. याउलट एसक्यूलाइट हा डेटाबेस एका मोठ्या सी फाइलच्या रूपात प्रकल्पातच ठेवता येतो. मनुष्यबळाचा विचार केला तर मात्र फ्रेमवर्क जाणणारी माणसे सहज मिळतात, यात वाद नाही.

म्हणून वापरणारा प्रोग्राममध्ये किती वेळ घालवणार, हे आधी विचारावे. दिवसभर उघडा राहणारा एडिटर, डीबगर किंवा आवाजाचे संपादन करणारे साधन असेल तर हँडमेड वाटेचे अधिकचे महिने सार्थकी लागतात. आठवड्यातून एकदा भरायच्या अर्जासाठी ते घालवू नयेत. निर्णय होत नसेल तर प्रोग्रामचा सर्वांत अवघड भाग, समजा लाख ओळींचा तक्ता, आधी फ्रेमवर्कमध्ये उभा करून तो सरकवताना प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) लागणारा वेळ मोजावा. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबात १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात काम बसत असेल तर तिथेच थांबावे, आणि बसत नसेल तर तेवढाच भाग हाताने लिहून पुन्हा मोजावा.