एसटी स्टँडसमोरचं झोन दाखलेवालं दुकान, पाचपैकी चार स्टार

बाहेर बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, भाडेकरार असलंच नेहमीचं लिहिलंय त्यामुळे मी दोन वर्षं नुसता समोरून जात होतो. सातबारा, मोजणीचा नकाशा, झोन दाखल्याचा (जमीन शेती झोनमध्ये की रहिवासी, ते सांगणारा कागद) अर्ज सगळं आत एका टेबलावर होतं हे आत्ता कळलं. चुलत्यांना घेऊन गेलो होतो, त्यांना मुळशीतल्या शेतात घर बांधायचंय आणि आमची समजूत अशी की सरपंचाचा शिक्का मिळाला की सुटलो. दुकानवाले काका हसले, म्हणाले घरपट्टी ग्रामपंचायत घेईल हो, प्लॅन मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे पास करायचा, आधी गट नंबर सांगा.

मग जे सांगितलं ते फुकटात. पुण्याची प्रादेशिक योजना 1997 ची, पीएमआरडीए आलं 2015 ला, 2021 ला त्यांनी 800 च्या आसपास गावांचा मिळून प्रारूप डीपी, म्हणजे विकास आराखड्याचा मसुदा काढला, त्यावर सुमारे 67 हजार हरकती पडल्या, सुनावण्या झाल्या आणि 2025 ला डीपीच रद्द! म्हणजे फिरून परत 1997 चा नकाशा. त्या हरकतींच्या दिवसात काकांचं दुकान रात्री अकरापर्यंत चालू असायचं म्हणे, एकाच गावातले दोन भाऊ डीपीतल्या एकाच रस्त्यावर उलटसुलट हरकती टाईप करून घेऊन जायचे. आणि 2021 लाच 23 गावं जूनमध्ये पुणे महापालिकेत गेली, लगेच जुलैत त्यांचं नियोजन पीएमआरडीएकडे दिलं, म्हणजे तेव्हा टॅक्स एकीकडे नि नकाशा दुसरीकडे. हे ऐकून चुलते नुसते टोपी काढून बसले.

मी म्हणलं गावाचा नकाशा ग्रामसभेलाच ठरवू द्या ना, ओढा कुठून वाहतो ते गावालाच माहीत असतं. काका म्हणाले मग सरपंचाच्या भावकीतनं एक तरी रस्ता जाईल का, आणि दहा गावांतून जाणारा रोड प्रत्येक गावाने आपापल्या शिवेवर वळवला तर? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण 800 गावांचा नकाशा एका ऑफिसात बसून काढला की 67 हजार हरकती येणारच, यावर मी अजून ठाम आहे. चहा मात्र त्यांनीच पाजला.

गट शेती झोनमध्ये निघाला. काकांनी ते लपवलं नाही, "बघू, करून देतो" असलं काही बोलले नाहीत, याचेच तीन स्टार. एक स्टार नकाशा वाचायला शिकवल्याबद्दल. कापला तो रंगीत प्रिंटच्या रेटसाठी, जरा जास्तच आहे. दुपारी दोन ते चार शटर बंद असतं आणि मोबाईलवरचा सातबारा चालत नाही, प्रिंट घेऊन जा.