स्टेपनी की पंक्चर किट? गाडी ठरवताना डिकीचा तळ उघडून बघा

गाडी पसंत पडलेली असते, रंगही ठरलेला असतो. मग घरातलं कुणीतरी डिकीतला गालिचा उचलून बघतं आणि विचारतं, "स्टेपनी कुठाय?" खाली चाकाच्या जागी थर्माकोलचा साचा, त्यात हवा भरायचा मुठीएवढा कॉम्प्रेसर आणि सीलंटची, म्हणजे टायरचं भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची, एक बाटली. वजन कमी होतं, जागा वाचते, आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ती जागा बॅटरीला लागते, म्हणून बऱ्याच कंपन्यांनी स्टेपनी काढून टाकली आहे. मग प्रश्न आपल्यावर येतो: किटवर भागवायचं, की स्टेपनीवाली गाडी किंवा स्टेपनीचा पर्याय शोधायचा?

मी दोन्ही वापरून झालो आहे. आधी सहा वर्षं पूर्ण आकाराची स्टेपनी असलेली गाडी होती, मग चार वर्षं फक्त किट असलेली. आताच्या गाडीत काय आहे ते पुढे कळेलच.

सुरुवात किटपासून करतो, कारण तिच्याबद्दल माझा पहिला अनुभव खरोखर चांगला होता. संध्याकाळची वेळ, मागच्या डाव्या टायरमध्ये खिळा. खिळ्याचं डोकं समोर दिसत होतं. तो उपटायचा नाही हे पुस्तिकेत वाचलेलं होतं, कारण खिळा आत असतो तोवर भोक निम्मं बुजलेलंच असतं. नळी व्हॉल्व्हला लावली, कॉम्प्रेसर चालू केला. आधी काटा एकदम वर गेला तेव्हा धडकी भरली, पण तो नळीतून सरकणाऱ्या सीलंटचा दाब असतो, टायरमधल्या हवेचा नाही. मिनिटभरात काटा खाली आला आणि मग हळूहळू टायर उभा राहिला. लगेच गाडी काढून पाच-सहा किलोमीटर सावकाश चालवली, म्हणजे सीलंट आतून सगळीकडे पसरतो. थांबून पुन्हा हवा पाहिली. अशा वेळी दाब १.३ बारच्या, म्हणजे साधारण १९ पीएसआयच्या खाली उतरला असेल तर पुढे जायचं नाही, असं बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. माझा टिकला होता. ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून घरी पोचलो. पंधरा-वीस मिनिटांत काम झालं, जॅक नाही, पाना नाही, कपडेही जवळपास स्वच्छ. त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं तर मी किटच घ्या म्हणालो असतो.

मग ती दुसरी रात्र आली. पाऊस, रस्त्याची तुटलेली कड, पुढचं डावं चाक त्यावर आपटलं. स्टिअरिंग डावीकडे ओढलं जाऊ लागलं. अशा वेळी ब्रेकवर जोरात पाय द्यायचा नाही, स्टिअरिंग घट्ट सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडीला आपोआप मंद होऊ द्यायचं. तेवढं जमलं. कडेला सपाट जागा मिळाली, चारही इंडिकेटर लावले, मागे त्रिकोण ठेवला. मागच्या सीटवर आई आणि मुलगी.

आणि इथेच किटने मला तो प्रश्न विचारला ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: भोक कुठे आहे?

सीलंट चालतो तो टायर रस्त्याला टेकतो त्या पट्ट्यातल्या बारीक भोकासाठी. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूला, चीर गेली असेल, तर गाडी चालताना ती बाजू सतत वाकत-सरळ होत राहते आणि तिथे काहीच टिकत नाही. म्हणजे बाटली वापरण्याआधी निदान करायला हवं. मी मोबाइलचा उजेड पाडून गुडघ्यावर बसलो. बसलेल्या टायरचा खालचा भाग रिमखाली दुमडलेला असतो, तो दिसत नाही. बाहेरच्या बाजूला मला चीर दिसली नाही. गाडी हातभर पुढे घेऊन पुन्हा पाहिलं, तरी दिसली नाही. म्हटलं, असेल पट्ट्यातच. बाटली लावली. कॉम्प्रेसर आठ-दहा मिनिटं घरघरत राहिला, काटा ८ पीएसआयच्या वर जाईना, आणि मग चाकाच्या आतल्या बाजूने, सस्पेन्शनच्या अंगाला, पांढरा फेस ओघळताना दिसला. चीर आतल्या साइडवॉलला होती. चाक गाडीवर असताना ती मला दिसणं शक्यच नव्हतं. बाटली संपली होती, ती एकदाच वापरता येते. टोइंगची गाडी यायला तीन तास लागले.

तीन तासांचं मला फारसं दुःख नाही. रस्त्यावर असं कधीतरी होतंच. मला सलत राहिलं ते वेगळंच. अंधारात, पावसात, माणसं गाडीत बसलेली असताना माझ्याकडून अचूक निदानाची अपेक्षा होती, आणि ते चुकलं की दुसरी संधी नव्हती. स्टेपनी असली की हा प्रश्नच उरत नाही. खिळा असो, चीर असो, रिम वाकलेली असो, व्हॉल्व्ह तुटलेला असो, ते चाक काढायचं आणि दुसरं लावायचं. काय झालं होतं ते नंतर, उजेडात, ज्याला कळतं त्याने बघावं.

'स्टेपनी' या शब्दाची हकीकत मला म्हणूनच आवडते. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेल्ली गावात थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी हे जादा चाक तयार केलं आणि गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून त्याला नाव मिळालं. त्या मूळ स्टेपनीला आरे नव्हते. हवा भरलेला टायर चढवलेली नुसती रिम, ती बसलेल्या चाकालाच बाहेरून पकडींनी जोडायची. ट्यूबला भोक कुठे पडलंय ते रस्त्यात बसून शोधत राहण्यापासून तिने चालकाची सुटका केली. ब्राझीलमध्येही जादा चाकाला अजून 'एस्तेपे' म्हणतात.

आता स्टेपनीची दुसरी बाजू. ती छोटी नाही, आणि किट घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

पहिली गोष्ट वजनाची. रिमसकट चाक १५ ते २० किलो भरतं. डिकीच्या खड्ड्यातून ते वाकून उचलायचं, बोल्टला किंवा भोकांना नेमकं बसेल असं धरायचं, हे पाठदुखी असलेल्या माणसाचं काम नाही. माझ्या आईला ते जमणार नाही आणि तिने ते करूही नये. त्यातून गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट आवळलेले असले, तर गाडीतल्या छोट्या पान्याने भल्याभल्यांना ते सुटत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. पंक्चर झालेलं चाक वाहतुकीच्या बाजूचं असेल, तर भरधाव गाड्यांकडे पाठ करून बसावं लागतं. किटमध्ये हा वेळ कमी असतो, पण व्हॉल्व्हपाशी बसावं तिथेही लागतंच. माझा नियम असा की जागा सुरक्षित नसेल तर बसलेल्या टायरवरच सावकाश पुढे जायचं. टायर फुकट जाईल, कदाचित रिमही, पण वळणावर किंवा अरुंद कडेला जॅक लावायचा नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दुर्लक्ष. चारही चाकांत हवा भरून घेतो आणि पाचवं सामानाखाली तसंच राहतं. कुठलाही टायर काही न होताही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा सोडतो. पहिल्या गाडीत एकदा मी मोठ्या विश्वासाने स्टेपनी बाहेर काढली तर तिच्यात १४ पीएसआय होती. शिवाय रबर वापराविना पडून राहिलं तरी जुनं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी कोरी दिसत असली तरी दहा वर्षं झालेला टायर चढवू नये. किटलाही मुदत असते, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. बाटलीवर तारीख छापलेली असते आणि साधारण चार-पाच वर्षांत ती बदलावी लागते.

मधला मार्ग म्हणून बारकी स्टेपनी मिळते, जिला डोनट म्हणतात. निदान करावं लागत नाही हा गुण तिच्यातही आहे, म्हणून किटपेक्षा मी तिला वर ठेवतो. पण ती ताशी ८० च्या वर चालवायची नाही, तिच्यात बहुधा ६० पीएसआय हवा लागते जी आपण कधीच पाहत नाही, आणि अरुंद असल्यामुळे ओल्या रस्त्यावर ब्रेक आणि वळणं दोन्ही जपून घ्यावी लागतात. शिवाय काढलेलं मोठं चाक तिच्या खड्ड्यात मावत नाही. डिकी भरलेली असेल तर ते चिखलाचं चाक ठेवणार कुठे, याचा विचार घरूनच करून निघा. रनफ्लॅट टायर हा चौथा पर्याय. हवा गेल्यावरही ते साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत जातात. पण त्यांची बाजू कडक असते, खड्डे अंगाला जाणवतात, आणि मला तो व्यवहार रोजच्यासाठी पटला नाही.

तुमचं फिरणं बहुतेक शहरात असेल, मदत अर्ध्या तासात पोचत असेल, आणि चाक उचलणं तुम्हाला शक्य नसेल, तर किट पुरेशी ठरू शकते. असं म्हणताना मी हातचं राखून बोलत नाही. ज्याला स्टेपनी बदलता येणार नाही, त्याच्यासाठी ती डिकीत नेलेलं ओझंच आहे. पण रात्रीचा प्रवास असेल, लांब पल्ला असेल, रस्त्यांच्या कडा तुटलेल्या असतील, तर मी माझ्या माणसांना पूर्ण स्टेपनीच घ्यायला सांगतो. खराब रस्त्यावर खिळ्यापेक्षा चीर पडण्याची भीती मला जास्त वाटते, आणि नेमकी तिथेच बाटली कुचकामी आहे.

एक मात्र आवर्जून सांगतो. किटमधली खरी कामाची वस्तू कॉम्प्रेसर आहे, बाटली नव्हे. आताच्या गाडीत मी पूर्ण स्टेपनी घेतली आणि जुन्या किटमधला कॉम्प्रेसर तिच्याशेजारी ठेवला. हवा हळूहळू जात असेल तर जॅक न लावता हवा मारून पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. आणि दर महिन्याला सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना पाचही चाकांची हवा घरीच बघता येते. स्टेपनीत मी ३-४ पीएसआय जास्तच ठेवतो. कमी करणं रस्त्यात सोपं असतं.

गाडी बघायला जाल तेव्हा तळ उघडून तीन गोष्टी तपासा. स्टेपनीचा आकार बाकीच्या चारांसारखाच आहे का? असेल तर दर ८-१० हजार किलोमीटरला चाकांच्या जागा आपापसांत बदलताना तिलाही फेरीत घेता येतं, मग ती पडून म्हातारी होत नाही. बाकीची चाकं अलॉयची आणि स्टेपनी लोखंडी असेल, तर तेच नट दोन्हींना चालतात का, ते पुस्तिकेत बघा. आणि गाडी फक्त किटवाली असेल तर तो खड्डा पूर्ण चाक मावेल एवढा खोल आहे का, म्हणजे नंतर वेगळी स्टेपनी घेता येईल. खड्डाच नसेल तर पुढे काहीच करता येत नाही.

घेतल्यावर एकदा दिवसाउजेडी, घरासमोर, एक चाक काढून लावून बघा. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरकस समोरच्या चाकाला दगड. नट आधी अर्धा फेरा सैल करायचे आणि मगच जॅक वर घ्यायचा, नाहीतर चाक हवेत गरगरत राहतं. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यायचे, आणि ५०-८० किलोमीटर झाल्यावर थांबून पुन्हा एकदा पाना फिरवायचा. ही तालीम माझ्या मुलीनेही केली आहे. नट हाताने न सुटल्यास पान्याच्या दांड्यावर पायाने जोर द्यायचा, हे तिला आता माहीत आहे.

गेल्या महिन्यात उजवं मागचं चाक बसलं. थोडं पुढे जाऊन रुंद कड मिळाली तिथे थांबलो, पंचवीस मिनिटांत चाक बदललं आणि नेहमीच्या वेगाने घरी आलो. खिळा होता की चीर, हे मला दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याने सांगितलं.