पेन टेस्ट, रेड टीम की सिम्युलेशन: पैसे कशावर घालावेत?

ऑगस्ट 2018मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून जास्त रुपये गेले. शनिवारी, 11 तारखेला, क्लोन केलेल्या कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली आणि सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून जवळपास 14 कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एटीएमवरून आलेली मागणी बँकेच्या कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीपर्यंत, पोचतच नव्हती. मध्ये बसवलेला बनावट स्विच (एटीएमची मागणी बँकेकडे पोचवणारी यंत्रणा) परस्पर होकार देत होता.

नेटबँकिंगचं लॉगिन पेज कितीही कसून तपासलं, तरी असा हल्ला त्या स्कोपमध्ये येत नाही. म्हणून चाचणीचं कोटेशन मागवण्याआधी आपल्याला नक्की काय कळून घ्यायचंय ते ठरवा.

पेन टेस्ट, म्हणजे परवानगीने केलेला घुसखोरीचा प्रयत्न, ठरवून दिलेल्या सर्व्हर-ॲपमधली भोकं शोधते. तिघांत बहुधा हीच आवाक्यातली, आणि ऑडिटरलाही रिपोर्ट लागतोच. पण बऱ्याचदा टेस्टरचा आयपी पत्ता फायरवॉलमध्ये आधीच मोकळा केलेला असतो, त्यामुळे तुमची माणसं जागी आहेत का, हे यात कळत नाही. करारात रिटेस्ट, म्हणजे भोकं बुजवल्यावरची फेरतपासणी, घालून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी तीच भोकं नव्या तारखेने छापून येतात.

रेड टीम, म्हणजे खऱ्या हल्लेखोरासारखा वागणारा नेमलेला गट, भोकं मोजत बसत नाही, उद्दिष्ट गाठते: स्विचपर्यंत पोचून दाखवा. फिशिंग, फोनवरची थाप, गळ्यात खोटं ओळखपत्र, सगळं चालतं. आतल्या मोजक्याच लोकांना कल्पना असते. बँक ऑफ इंग्लंडने 2014मध्ये सीबेस्ट ही अशा चाचण्यांची चौकट आणली, युरोपात 2018मध्ये टायबर-ईयू आली, त्या याच जातीच्या. काम आठवडेच्या आठवडे चालतं आणि बिलही तसंच येतं. लॉग (यंत्रणेतल्या नोंदी) बघायला माणूसच नसेल तर रिपोर्टमध्ये एवढंच येणार: आत शिरलो, कुणाला पत्ता नाही. ते तुम्हाला फुकटातही माहीत होतं!

सिम्युलेशन, म्हणजे हल्ल्याच्या माहीत असलेल्या युक्त्या आपणच चालवून बघणं, मला यात सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. मायटर या अमेरिकी संस्थेच्या अटॅक (ATT&CK) या यादीत हल्लेखोरांच्या माहीत असलेल्या युक्त्या क्रमांकासह नोंदलेल्या आहेत. ॲटॉमिक रेड टीम आणि काल्डेरा ही फुकट साधनं त्याच युक्त्या तुमच्या मशीनवर चालवून दाखवतात. उदाहरणार्थ टी1003.001: विंडोजमध्ये लॉगिन सांभाळणाऱ्या एलसॅस प्रोसेसच्या मेमरीतून पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) उचलणं. चाचणीसाठी बाजूला काढलेल्या पीसीवर हे चालवायचं आणि घड्याळ लावून बसायचं. अँटीव्हायरसने अडवलं का? लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर आला का? अलर्ट उठला का? आणि मुख्य म्हणजे, कुणी फोन केला का? अनेक ठिकाणी अलर्ट उठतो आणि कुणीच न उघडणाऱ्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडतो. हे कळायला टेंडर लागत नाही, एक हुशार ॲडमिन लागतो. मात्र तुमच्याच ॲपमधलं नवं भोक यातून सापडणार नाही. सिम्युलेशनचं तयार प्रॉडक्ट घेतलंत तर सगळं ठीक दाखवणाऱ्या हिरव्या डॅशबोर्डवर भाळू नका.

मध्यम आकाराच्या नागरी बँकेला किंवा कंपनीला माझा क्रम असा: रिटेस्टसह पेन टेस्ट, मग वर्षभर अधूनमधून सिम्युलेशन. अलर्टवर खरोखर फोन वाजायला लागले, की रेड टीम.

परवानगी मात्र तिन्हींना लेखी हवी, आणि खऱ्या मालकाची. सप्टेंबर 2019मध्ये अमेरिकेतल्या आयोवात राज्याच्या न्याययंत्रणेने नेमलेले दोन टेस्टर रात्री कोर्टाच्या इमारतीत शिरले. पत्र दाखवूनही अटक झाली, कारण इमारत राज्याची नव्हे, काउंटीची (जिल्हा प्रशासनाची) होती. आरोप मागे घ्यायला जानेवारी 2020 उजाडला. तुमचा स्विच किंवा कोअर बँकिंग व्हेंडरच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर त्या पत्रावर त्याचीही सही घ्या.