पहिलटकरणीने काय निवडावं: सिझर की कळांची वाट?

भाचीला ३७ वा आठवडा लागला आणि रामबागेतल्या तिच्या सासरी पंचांग उघडलं गेलं. सासूबाईंना गुरुपुष्यामृत हवाय. भाची मला म्हणाली, "मावशी, तुझं दोन्ही झालंय. तूच सांग."

थोरला सिझरचा, धाकटी नॉर्मल. सिझरला कळा नाहीत हे खरं, पण त्रास उधारीवर असतो. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची, कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी. दवाखान्यात तीन-चार दिवस. नॉर्मलला कळांनी जीव नको केला, खालचे टाके बसू देईनात. पण दुसऱ्या दिवशी मी माझी न्हाणीघरात गेले.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका सिझरला जास्त. ३९ आठवड्यांआधी मुहूर्त गाठला तर बाळाला धाप लागण्याची भीती, म्हणून पंचांगाला माझा विरोध. पण कळा देऊन शेवटी घाईने सिझर होणं हे ठरवून केलेल्यापेक्षा जड जातं, तेही लपवणार नाही.

खरा हिशेब दुसऱ्या खेपेला लागतो. गर्भाशयावर व्रण राहतो. पुढच्या वेळी वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) खाली, त्या व्रणावर बसली तर ती आत रुतण्याची शक्यता एका सिझरनंतर सुमारे ११ टक्के, दोनांनंतर ४०. सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी ६० ते ८० टक्के जणींना जमतं आणि व्रण उकलण्याचा धोका टक्क्याच्या आत असतो. पण त्यासाठी रात्री-बेरात्री ऑपरेशन थिएटर तयार लागतं. मला असा दवाखाना शोधताना नाकी नऊ आले होते.

म्हणून कारण विचारायचं. बाळ आडवं, वार तोंडावर, ठोके घसरताहेत, तर सिझरच, वाद नको. नुसता नाळेचा वेढा हे कारण नव्हे. चार-पाच बाळांत एकाला तो असतोच. "पिशवी उघडत नाही" म्हणाले तर पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय ते विचार. सहाच्या आत "अडली" म्हणण्याची घाई नको.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारीत १४.३. सरकारीत जाणाऱ्या बायकांची हाडं काही वेगळी नसतात. (तिथे गरज असूनही सिझर न मिळालेल्या असतीलच, म्हणून तोही आकडा डोक्यावर घेऊ नये.)

गुरुवारी तिची तपासणी आहे. फाइलवर सिझर लिहिलं, तर शेजारी कारणही लिहून मागणार आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.