पहिली किटली: चाकावर की हातानं?

मातीची किटली करायची ठरवली की स्टुडिओत पहिला प्रश्न येतो तो हाच. मी दोन्ही तऱ्हांनी केल्या आहेत. चाकावर तुमचा हात अजून बसला नसेल, तर पहिली किटली मातीच्या सपाट पाट्या लाटून हातानंच करा, असं मी आग्रहानं सांगेन.

कारण किटली म्हणजे एक भांडं नव्हे. पोट, तोटी, झाकण आणि कान असे चार जिन्नस वेगवेगळे घडवायचे आणि मग एकजीव करायचे. खरं कसब जोडणीत आहे. चाकावर नवा माणूस आपली सगळी ताकद माती मध्यावर आणण्यात खर्च करतो आणि जोडायची वेळ येईपर्यंत दमून जातो. त्यात चारही भाग एकाच दिवशी, एकाच मातीचे ओढलेले, म्हणजे फिरत्या चाकावर माती वर खेचून घडवलेले, हवेत. नाहीतर एक ओला, एक सुका राहतो आणि सांध्याला तडा जातो. पंधरा सेंटिमीटर उंचीचा सरळ नळा तुम्ही न थकता ओढू शकत असाल, तर चाक जरूर घ्या. पोटाला किलोभर माती पुरते. भिंत तीन-चार मिलिमीटरपर्यंत पातळ होते आणि किटली हातात हलकी लागते. हे सुख पाटीच्या किटलीत सहसा मिळत नाही.

पाटीच्या कामाला घरचं टेबल चालतं. दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवायच्या, मधे माती, वरून लाटणं. कागदाचे साचे कापून आकार काढायचे. फक्त भाजायला एखाद्या स्टुडिओची भट्टी शोधावी लागते. धोका असतो तो शिवणीचा. काट्यानं ओरखडे न काढता, दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) न लावता नुसती चिकटवलेली शिवण भाजताना उघडते.

हाताची किटली म्हणजे कमी दर्जाची, हा समज सोडून द्या. चीनमधल्या जिआंगसू प्रांतातल्या यीशिंगच्या जांभळट मातीच्या किटल्या जगात नावाजलेल्या आहेत, आणि त्या परंपरेनं चाकावर होतच नाहीत. तिथले कारागीर लाकडी थापीनं पाट्या थापून, वळवून, सांधून त्या घडवतात. उलट जपानमध्ये तोकोनामे गावच्या, बाजूला दांडा असलेल्या क्यूसू किटल्या बऱ्याचदा चाकावर ओढतात. दोन्ही वाटा जुन्या आणि तितक्याच मानाच्या.

तोटीत मात्र फरक ठळक दिसतो. चाकावर ओढलेल्या तोटीत मातीला पीळ बसतो. भट्टीत तो थोडा उलगडतो, आणि सरळ कापलेलं तोंड तिरपं होऊन बाहेर येतं. म्हणून जाणते कुंभार ते मुद्दाम जरासं वाकडं कापतात. हे अंदाजाचं काम पहिल्याच किटलीत नको. पाटीची तोटी निमुळत्या लाकडी दांड्याभोवती गुंडाळून होते, तिला असा पीळ नसतो.

माती चामड्यासारखी झाली, म्हणजे बोटानं दाबल्यावर ठसा उमटत नाही पण नखाचा ओरखडा निघतो, की जोडणीची वेळ. तोटी चिकटवण्याआधी किटलीच्या काठावर एक पट्टी आडवी धरा. तोटीचं टोक त्या पट्टीपेक्षा खाली नको. माझ्या पहिल्या किटलीत ते बोटभर खाली राहिलं होतं. ती कधी पूर्ण भरताच आली नाही, पाणी आधीच तोटीतून वाहायचं. टोकाची कड धारदार ठेवा, म्हणजे ओतून झाल्यावर थेंब खाली ओघळत नाही. झाकणाला हवेसाठी छोटं भोक हवंच, नाहीतर धार अडखळते.

आपल्याकडे चहा पातेल्यात उकळतो आणि गाळूनच किटलीत येतो. तेव्हा तोटी जिथे जोडायची तिथे पोटाच्या भिंतीत गाळणीची बारीक भोकं पाडायची गरज नाही, एक मोठं भोक पुरे. ग्लेझनं, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपानं, भोकं बुजायची भीतीही गेली. तोटी रुंद ठेवा, दुधाची साय आत धरते आणि ब्रश जायला हवा. न उकळता नुसती पत्ती भिजवणार असाल तर भोकं हवीत, चार-पाच मिलिमीटरची.

माप घेतानाही मोठंच धरा. स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजायची) माती वाळून, भाजून साधारण बारा टक्के आखडते. हे आखडणं लांबी, रुंदी, उंची तिन्हींत होतं, म्हणून कच्चेपणी लिटरभर मावणाऱ्या किटलीत शेवटी सातशे मिलिलिटरही मावत नाही.

वाळवायची घाई दोन्ही तऱ्हांत नडते. तोटी आणि कान बारीक, ते पोटाआधी सुकतात आणि मुळाशी फाटतात. त्यांच्यावर प्लास्टिक गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवा. भाजताना झाकण किटलीवरच असू द्या, म्हणजे दोन्ही मिळून आखडतात. फक्त जिथे झाकण टेकतं तिथलं ग्लेझ आधी ओल्या स्पंजनं पुसून काढा.